चुन्याच्या भिंतीतला पहिला प्लग

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. सोलापुरात बाळीवेशीच्या मागे जी अरुंद गल्ली आहे, तिथल्या एका बैठ्या घराच्या मधल्या खोलीत मी उभी आहे. माझ्या पोटात दगड आणि भाजक्या विटा आहेत आणि अंगावर चुन्याचा गिलावा आहे. तुमच्या घरातल्या भिंती बहुतेक सिमेंटच्या असतील. त्या माझ्यापेक्षा कडक असतात, हे मी कबूल करते. पण वैशाखात ऊन डोक्यावर आले, की या घरातली माणसे पंख्याच्या आधी मला पाठ टेकतात.

मला बांधले वीरभद्रप्पांनी. ते दुधनीचे. तुरीच्या व्यापारासाठी सोलापुरात आले आणि इथलेच झाले. माझ्यासाठी त्यांनी अंगणातच चुन्याची घाणी घातली होती. गोल चरात चुना आणि वाळू टाकायची आणि बैलाने दगडी चाक त्यावरून फिरवायचे. बैल फिरत राहायचा, चुना लोण्यासारखा मऊ होत जायचा. त्यात गुळाचे पाणी पडले, बेलफळाचा गर पडला, अंबाडीचा बारीक कापलेला वाख पडला. तो गिलावा माझ्या अंगावर चढवल्यावर गवंड्यांनी गुळगुळीत गोट्याने मला इतके घोटले, की समोर कंदील ठेवला तर त्याचा उजेड माझ्यात दिसायचा. पाहुणे येत, माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "अप्पा, भिंत हाय का आरसा?" तेव्हा वीरभद्रप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे.

वीज आमच्या घरात पुष्कळ उशिरा आली. माझ्या माथ्याजवळून एक लाकडी पट्टी गेली, तिच्यातून कापडी वेष्टनाची तार गेली आणि खोलीत एक दिवा लागला. काही वर्षांनी पंखा आला. बस, एवढेच. प्लग मला कुणी दिला नाही आणि मीही कधी मागितला नाही. अख्ख्या घराला एकच प्लग होता, तोही बाहेरच्या सोप्यात, दाराशेजारी. त्यामुळे या घराच्या सूनबाई काशम्मा शेंगांची चटणी करायची झाली, की मिक्सर कडेवर घेऊन सोप्यात यायच्या. सोप्यात पाहुणे बसलेले असले, तर त्यांना गप्पा थांबवाव्या लागायच्या. मिक्सर थांबला, की गप्पा पुढे चालू. पाहुणे जाताना चटणीची पुडी घेऊन जायचे, म्हणून कुणी रागावत नसे.

मधल्या काळात माझे थोडे हाल झाले. कुणीतरी सांगितले, ऑइलपेंट मारा, पुसता येतो. मारला. चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो, हे कुणाच्या लक्षात आले नाही. पेंटखाली ओल धरली, फुगे आले, पोपडे निघाले. मग ते झाकायला माझ्यापुढे लोखंडी कपाट आणून ठेवले. बरीच वर्षे मला फक्त कपाटाची पाठ दिसत होती. पण माझी तक्रार नाही. घर चालवणाऱ्या माणसांना भिंतीकडे बघायला सवड कुठली?

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते मागच्या उन्हाळ्यात घडले.

वीरभद्रप्पांचे चिरंजीव सिद्धलिंग. त्यांनी सारी हयात सूतगिरणीत काढली. कापसाची बारीक धूळ रोज छातीत जात राहिली. निवृत्त झाल्यावर खोकला सुरू झाला, मग दम लागू लागला. अंगणातून मधल्या खोलीपर्यंत येताना ते मला हात लावून उभे राहायचे. त्यांचा तळवा माझ्यावर टेकला, की त्यांची छाती किती जोरात धडधडते आहे, ते मला कळायचे. मी काय करणार? मी आपली उभी राहायची, त्यांना नीट टेकता यावे म्हणून.

वैशाखात एके दिवशी त्यांना उभेही राहता येईना. ओठ निळे पडले. मुलगा विरेश त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. घर एकदम सुने झाले.

बऱ्याच दिवसांनी विरेश घरी आला आणि आईसमोर खाली बसला.

"आई, बाबा आता बरे आहेत. परवा सोडतायत. पण घरी ऑक्सिजनचं मशीन लावावं लागणार. दिवसरात्र."

"लावू की. त्यात काय?"

"मशीन विजेवर चालतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, एक्स्टेन्शनची वायर अजिबात नको. थेट भिंतीतला तीन पिनांचा प्लग पाहिजे, अर्थिंगसकट. आपल्याकडं कुठाय?"

काशम्मांनी सोप्याकडे पाहिले. विरेशने मान हलवली. "तो प्लग कधीच काळा पडलाय. त्याला अर्थिंगची तारच नाही. आणि सोप्यात गल्लीची सगळी धूळ येते. त्यांना धूळ चालणार नाही. मी विजापूर रोडला एक फ्लॅट बघितलाय भाड्यानं. नवीन आहे. प्रत्येक खोलीत प्लग आहेत. तिकडंच जाऊ."

"त्यांना विचारलास?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

विरेशने मान खाली घातली. "त्यांना एका श्वासात एकच शब्द बोलता येतो, आई. म्हणाले, 'घरी.'"

काशम्मांनी पदराने डोळे टिपले आणि उठल्या. "मग घरीच आणायचं. भिंतीला प्लग बसव."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वायरमन आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. कपाट बाजूला सरकवले, माझ्यावर पेन्सिलीने खूण केली आणि छिन्नी लावून हातोडा मारला. सिमेंटच्या भिंतीला जसा मारतात, तसाच. मित्रांनो, माझा गिलावा जुना. पेंटखाली तो जागोजागी माझ्या दगडांपासून सुटलेला होता. दोन-चार घाव बसले आणि परातीएवढा तुकडा धाडकन खाली आला. मागचे दगड उघडे पडले. खोलीभर धूळ झाली.

वायरमन मागे सरला. "ही भिंतच खोटी आहे हो. सगळा गिलावा उतरवा, सिमेंट मारा, सुकू द्या, मग मला बोलवा."

"आमचं पेशंट उद्या येतंय," विरेश म्हणाला.

"मग मी काय करू? हिच्यात बॉक्स बसवला, तर बॉक्ससकट भिंत हातात येईल." आणि तो पिशवी उचलून निघून गेला.

विरेशने फोन काढला आणि फ्लॅटच्या मालकाचा नंबर शोधू लागला. मला त्याचा राग आला नाही. बापाचा श्वास मोठा की भिंत? पण मला फार वाईट वाटले. आजवर मी या घराच्या कधी आड आले नव्हते. आज सिद्धलिंग घरी येऊ शकत नव्हते, ते माझ्यामुळे.

भिंत कोसळल्यासारखा आवाज ऐकून शेजारच्या धनलक्ष्मीबाई धावत आल्या. त्यांच्या घरी पूर्वी माग होते, घरात तेलुगू बोलतात आणि गल्लीत मराठी. त्यांनी उघडे पडलेले दगड पाहिले आणि विरेशच्या हातातला फोन खाली केला.

"अरे, थांब की जरा. आमच्या अक्काच्या घराचं फिटिंग एका बाईनं केलंय. महेश्वरी नाव तिचं. ते घर पण असंच जुनं आहे. आधी तिला बोलाव, मग फ्लॅटचं बघ."

महेश्वरी दुपारच्या उन्हात स्कूटीवरून आली. तिशीची असेल. आयटीआय शिकलेली, डोक्याला रुमाल, खांद्याला हत्यारांची पिशवी. आधी तिने मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली. मग बोटांच्या पेरांनी माझ्यावर टकटक करत इकडून तिकडे गेली. जिथे गिलावा घट्ट होता तिथे आवाज भरीव येई, जिथे सुटलेला होता तिथे पोकळ. पोकळ जागांभोवती तिने खडूने गोल काढले.

"भिंत खोटी नाही," ती म्हणाली. "वरचं कातडं सुटलंय तेवढंच. बघू."

माझ्या कानांवर, म्हणजे भिंतीला असतील तेवढ्या कानांवर, किती गोड शब्द पडले ते!

तिने बॅटरीवरचे कटर मशीन लावले आणि सरळ झिरी कापायला सुरुवात केली. पण मशीनची थरथर मला सोसेना. झिरीच्या शेजारून एक बारीक तडा वर सरकत गेला. महेश्वरीने तो पाहिला आणि ताबडतोब मशीन बंद केले.

"नाही. हे माझ्या एकटीचं काम नाही. विजेचं मला कळतं, चुन्याचं नाही." तिने फोन लावला. "येडूमामा, कुठं आहात? तुमची गरज आहे. हो, आत्ताच. पेशंटचं काम आहे."

येडूमामा गवंडी मूळचे मंगळवेढ्याकडचे. जुन्या मठांच्या आणि दर्ग्यांच्या भिंती दुरुस्त करतात, म्हणून त्यांच्याकडे पिंपात भिजवलेला चुना कायम असतो. ते आले तेच चुन्याची बादली घेऊन. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्या जखमेत बोट घातले.

"चुना हाय की ह्यो! कसला झ्याक मळलाय बगा. वाख बी दिसतोय." त्यांनी महेश्वरीकडे पाहिले. "मशीन ठिव बाजूला. हिला पयलं पानी पाजू. वली झाली की करवतीच्या पात्यानं हळूहळू कापू. बाकी मला एक सांग, तुला झिरी किती खोल पायजे?"

महेश्वरीने बोटाने दाखवले.

"लई खोल! दगूड लागंल."

"मामा, बॉक्स लोखंडी आहे. तेवढा आत गेला नाही, तर प्लग हलणार. हललेला प्लग ठिणगी टाकतो. त्यात तडजोड नाही."

"आन् झिरी वरपातूर नेलीस तर समदा गिलावा सुटंल. त्यात मीबी तडजोड करनार न्हाय."

दोघेही कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मला हसूच आले. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी भांडले नव्हते.

शेवटी महेश्वरीने तोड काढली. मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर आणायची, ती लाकडी तुळईच्या कडेने उघड्या पट्टीतून न्यायची आणि माझ्या घट्ट भागावरून सरळ खाली उतरवायची. झिरी फक्त बॉक्सपुरती, जिथे गिलावा आधीच पडला आहे तिथेच. "म्हणजे तो तुकडा पडला ते बरंच झालं म्हणायचं," काशम्मा म्हणाल्या आणि सिद्धलिंग दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

काम सुरू झाले. पण संध्याकाळ जवळ आली तशी एक अडचण उभी राहिली. घराला अर्थिंगच नव्हते. अंगणात खड्डा खणायचा, त्यात पाइप उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचे आणि भरपूर पाणी ओतायचे, असे ते काम.

विरेश कंटाळून म्हणाला, "ताई, आधी प्लग चालू करून द्या. अर्थिंग नंतर निवांत करू. बाबा उद्या सकाळी येतायत."

महेश्वरीने पक्कड खाली ठेवली.

"दादा, मशीनच्या बॉडीत करंट उतरला तर मशीनला आधी हात कुणाचा लागणार? काकूंचा. त्याच रात्रंदिवस तिथं बसणार. अर्थिंगशिवाय मी हा प्लग चालू करणार नाही. तुम्हाला नको असेल, तर मी वायर काढून घेऊन जाते."

विरेश अंगणात गेला. थोड्या वेळाने मला पहारीचा आवाज ऐकू आला. मोबाइलच्या दुकानात दिवसभर खुर्चीवर बसणारा माझा विरेश, शर्ट काढून स्वतः खड्डा खणत होता. जमीन कडक मुरमाची. हातांना फोड आले, तरी त्याने पहार सोडली नाही. आई पाणी घेऊन गेली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "फ्लॅटवाल्याला नाही म्हणून कळवलंय."

खड्डा झाला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले, की पाणीच नाही. सोलापुरात उन्हाळ्यात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. घरातले पिंप तळाला गेले होते. खड्ड्याला पाणी हवे होते आणि माझ्या नव्या चुन्यालाही. चुना ओला ठेवला नाही, तर तो भुकटी होऊन पडतो.

धनलक्ष्मीबाई घरी गेल्या आणि आपल्या पिंपातली घागर भरून घेऊन आल्या. त्यांचे पाहून समोरचे आले. कुणी कळशी आणली, कुणी बादली. एका आजोबांनी तर फक्त एक तांब्या आणला. "सिद्धलिंगच्या नावानं माझाबी एवढा," म्हणाले. प्रत्येकाच्या घरी पाणी मोजूनमापून होते. तरी सगळ्यांनी ते ओतले, खड्ड्यात आणि माझ्या अंगावर. मित्रांनो, त्या पाण्याचा गारवा माझ्या दगडांत अजून आहे, असे मला वाटते.

येडूमामांनी बॉक्सभोवती चुना भरला, थापीने सारखा केला आणि बॉक्सला पाणी लागणार नाही अशा बेताने भोवती ओले पोते लावले. बॉक्सला आधार म्हणून त्यांनी मागच्या दगडांच्या सांध्यांत लाकडी गुल्ल्या ठोकल्या होत्या, त्यामुळे चुना सुकायच्या आधीच बॉक्स हालेनासा झाला होता. महेश्वरीने तारा जोडल्या, मीटर लावून अर्थिंग तपासले आणि पुन्हा एकदा तपासले. मग तिने मेन स्विच चालू केला.

"काकू, या. बटण तुम्ही दाबा."

काशम्मांनी आधी देवापुढचा अंगारा आणून माझ्या कपाळाला, म्हणजे बॉक्सच्या वरच्या बाजूला लावला. मग भीतभीत बटण दाबले. छोटा लाल दिवा लागला. येडूमामा टाळी वाजवून म्हणाले, "लागला की! म्हातारीच्या अंगात वारं आलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धलिंग घरी आले. दोघांनी धरून त्यांना माझ्या शेजारच्या पलंगावर बसवले. मशीनची पिन माझ्यात गेली आणि मशीन घुमू लागले. नळी नाकाला लावली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. ओठांचा निळेपणा उतरला. त्यांनी माझ्याकडे मान वळवली, ओल्या पोत्याशेजारी तळवा टेकला आणि डोळे मिटले. या खेपेला त्यांची छाती संथ चालली होती.

एवढे दिवस मी या घराला सावली दिली, आधार दिला. श्वास द्यायची पाळी माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

पुढे बरेच दिवस येडूमामा येता-जाता प्लगला पाणी लागू न देता पोते ओले करून जायचे. नंतर त्यांनी माझ्यावरचा ऑइलपेंट खरवडून काढला आणि चुन्याची पांढरी सफेदी दिली. मला मोकळे वाटू लागले. महेश्वरीही पुन्हा आली. सोप्यातला काळा पडलेला प्लग तिने बदलला, बाहेरच्या बोर्डावर इन्व्हर्टर जोडला, म्हणजे लाइट गेली तरी मशीन थांबू नये. वळवाच्या वाऱ्याने एकदा सगळ्या गल्लीची लाइट गेली. शेजारी धावत आले. आत बघतात तो मशीन आपले शांतपणे घुमतेय आणि सिद्धलिंग पेपर वाचताहेत.

सिद्धलिंगांचा आजार गेला नाही. डॉक्टरांनी तसे स्पष्टच सांगितले होते. मशीन आता त्यांच्या सोबतच राहणार. पण श्रावणात एका सकाळी काशम्मा त्यांना चहा देऊन वळल्या, तोच मागून आवाज आला. या घरात मनातले बोलताना माणसे कानडी बोलतात.

"काशी, चादाग सक्री कडिमी आग्याद."

चहात साखर कमी पडलीय, एवढेच ते म्हणाले होते. पण काशम्मा जागच्या जागी थांबल्या.

"येन्री? पुन्हा म्हणा."

"साखर कमी पडलीय म्हटलं चहात. रोज रोज एवढी कंजुशी बरी नव्हे."

दोन अख्खी वाक्ये, मध्ये न थांबता. काशम्मा रडू लागल्या आणि हसूही लागल्या. साखरेचा डबाच उचलून आणला आणि पलंगावर आपटला. "घ्या! पाहिजे तेवढी घ्या!" विरेश काय झाले म्हणून आतून धावत आला, तर दोघेही हसत होते आणि सगळी चादर साखरेने भरली होती.

मित्रांनो, माझी हकिगत एवढीच. तुमच्याही घरात, आजोळी किंवा गावी एखादी माझ्यासारखी जुनी भिंत असेल. तिला काही नवे द्यायचे असेल, तर जरूर द्या. जुनी माणसे नव्या गोष्टींना नाही म्हणतात, असे समजू नका. फक्त घाव घालायच्या आधी टकटक करून ऐका, ती कुठे घट्ट आहे आणि कुठे दुखते आहे. तिच्यात तारा घालाल तर जाणत्या माणसाकडून घाला, अर्थिंग टाळू नका आणि ओल्या हाताने बटणाला हात लावू नका. तिच्यावर चढवायचे ते तिला सोसेल असे चढवा.

आणि एक. भिंत एकटीने उभी राहत नाही. मला चुना मळणाऱ्या त्या बैलाने उभे केले, वीरभद्रप्पांनी केले, महेश्वरीने आणि येडूमामांनी केले. विरेशच्या हातांवरच्या फोडांनी केले. आणि ज्यांच्या घरी प्यायला जेमतेम पाणी होते, त्या गल्लीतल्या माणसांनी केले. या सगळ्यांची मी ऋणी आहे. मला बोलता येत नाही, म्हणून मी उभी राहते. तेच माझे आभार मानणे आहे.